रिकामं राहण्यासाठी बांधलेलं धरण : कामाच्या नोंदी

१४ नोव्हेंबर

आज आखणी पूर्ण झाली. मध्यरेषेवर चुना पडला, दोन्ही काठांवर पातळीचे पक्के खांब बसले. धरणाची लांबी २४० मीटर, नाल्याच्या तळापासून सर्वांत जास्त उंची ८.५ मीटर, माथा ४ मीटर रुंद. पाण्याकडचा उतार तीनास एक, बाहेरचा अडीचास एक. मातीचा भराव साधारण २२ हजार घनमीटर. वरचं पाणलोट क्षेत्र अवघं ४ चौरस किलोमीटर.

हे धरण पाणी साठवण्यासाठी नाही. नाल्याच्या तळाशी ९०० मिलिमीटर व्यासाची काँक्रीटची नळमोरी राहणार आहे आणि तिला दार नसेल. एरवी नाल्याचं पाणी तिच्यातून सरळ वाहत जाईल. मोठा पाऊस झाला की नाल्याला सेकंदाला ३०-३५ घनमीटर पाणी येतं. खाली वस्तीजवळ नाल्याचं पात्र सेकंदाला जेमतेम ६ घनमीटर पेलतं, बाकीचं घरांत शिरतं. मोरीतून मात्र धरण सांडव्यापर्यंत भरलं तरी सेकंदाला ४ घनमीटरच बाहेर पडेल. उरलेलं पाणी धरणामागे थांबेल आणि सव्वा दिवसात निघून जाईल. सांडव्याच्या पातळीपर्यंत २ लाख ८० हजार घनमीटर मावतात. म्हणजे सगळ्या पाणलोटावरून ७० मिलिमीटर अपधाव (पावसाचं न मुरता वाहून येणारं पाणी) एकदम आला तरी सांडवा कोरडा राहील.

संकल्पचित्रात पातळ्या (मीटरमध्ये, नाल्याचा तळ १०० धरून) अशा : नाल्याचा तळ १००.००, सांडव्याचा उंबरा १०६.००, महत्तम पाणीपातळी १०७.३०, माथा १०८.५०.

१९ नोव्हेंबर

पायाची खरवडणी सुरू. वरची ३० सेंटिमीटर माती मुळांसकट काढून बाजूला रचली आहे. शेवटी उतारांवर गवत लावताना हीच माती पसरायची, म्हणून ती मुरमात मिसळू द्यायची नाही असं डंपरवाल्यांना सांगून ठेवलं.

२७ नोव्हेंबर

गाभ्याखालचा, म्हणजे धरणाच्या मधल्या चिकणमातीच्या भागाखालचा, खंदक. तळाशी ३ मीटर रुंद, खोली कठीण मुरूम लागेपर्यंत. बहुतेक लांबीत २.२ मीटरवर कठीण थर लागला. साखळी (धरणाच्या एका टोकापासून मोजलेलं अंतर) १३० मीटरजवळ मात्र खोदताना पिवळी मोकळी वाळू निघाली. नाला कधीकाळी इथून वाहत असणार. पुढे त्याने वळण बदललं आणि जुनं पात्र मातीखाली गाडलं गेलं. आज वर पाहून त्याचा पत्ता लागत नाही.

ठेकेदाराचं म्हणणं होतं की वाळूचा थर पातळ आहे, वर दोन मीटर चिकणमाती येणारच आहे, खंदक आहे तिथेच थांबवू. मी थांबवू दिला नाही. ३.६ मीटरपर्यंत गेलो तेव्हा वाळू संपली आणि खालचा मुरूम लागला. भरावाखालून जाणारा असा वाळूचा पट्टा म्हणजे पाण्याला काढून दिलेला आयता रस्ता. धरण माथ्यावरून ओसंडून फुटतं तेवढंच ते पोटातून आणि पायातून पोखरूनही फुटतं. अमेरिकेतलं ९३ मीटर उंचीचं टेटन धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्याच भरण्यात फुटलं, ११ माणसं गेली. खंदकाच्या खडकातल्या फटा नीट बुजलेल्या नव्हत्या आणि गाभ्याची बारीक गाळमाती त्यांच्यातून वाहून गेली. आमचं धरण त्याच्या दशांशही नाही, पण पाणी मातीचे कण उचलतं ती रीत उंची पाहून बदलत नाही.

खंदकाचा तळ झाडून, ओला करून, त्यावर पहिला थर उद्या.

३ डिसेंबर

मातीसाठी चार ठिकाणी खड्डे घेतले होते. चारही ठिकाणची चिकणमाती दिसायला सारखीच, हातात घेतली तरी सारखीच. आज साधी ढेकळाची चाचणी केली. डिस्टिल्ड पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात बोराएवढं ढेकूळ अलगद सोडायचं आणि हलवायचं नाही. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या खड्ड्यातली ढेकळं फुगली, विरघळून तळाशी बसली, वरचं पाणी नितळ राहिलं. तिसऱ्या खड्ड्यातल्या ढेकळाभोवती दहा मिनिटांत दुधाळ ढग पसरला आणि तो खाली बसेचना.

ही विखुरणारी माती. तिच्यातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. भरावात केसाएवढी भेग पडली तरी संथ पाणीसुद्धा तिथले कण घेऊन निघतं. कणांच्या आकाराची नेहमीची चाचणी किंवा प्लॅस्टिसिटीचे आकडे यांतून ही माती ओळखता येत नाही. जेम्स शेरार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये यासाठी वेगळी चाचणी मांडली. दाबलेल्या नमुन्यात १ मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यातून डिस्टिल्ड पाणी सोडायचं, आणि बाहेर येणारं पाणी गढूळ होतं का, भोक मोठं होतं का ते पाहायचं. तिसऱ्या आणि चौथ्या खड्ड्याचे नमुने या चाचणीसाठी प्रयोगशाळेत पाठवले. तिसऱ्याची माती गाभ्यात येणार नाही हे आजच वहीत लिहून खाली ठेकेदाराची सही घेतली. तो खड्डा सर्वांत जवळचा आहे, वाहतूक वाढणार म्हणून तो नाराज आहे. त्याची नाराजी समजते, पण जवळ असणं हा मातीचा गुण नाही.

११ डिसेंबर

प्रयोगशाळेचे निकाल आले. तिसऱ्या खड्ड्याची माती विखुरणारी ठरली, चौथ्याची नाही.

गाभ्याच्या मातीची महत्तम शुष्क घनता (दाबून मिळणारी सर्वांत जास्त कोरडी घनता) १.६८ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, त्यासाठी लागणारा ओलावा १९ टक्के. कवचाच्या, म्हणजे गाभ्याबाहेरच्या भरावाच्या, मुरमासाठी १.९५ आणि ११ टक्के. गाभ्यात किमान ९८ टक्के घनता हवी, म्हणजे १.६५. ओलावा १९ ते २१ च्या दरम्यान. किंचित ओल्या बाजूला राहायचं कारण असं की कोरडी दाबलेली चिकणमाती घन दिसते पण ठिसूळ असते. भराव थोडा जरी असमान बसला की ती तडकते. ओली माती वाकते, तडकत नाही. राल्फ प्रॉक्टर यांनी ओलावा आणि घनता यांचा हा संबंध १९३३ मध्ये मांडला तो मातीची धरणं बांधतानाच.

२२ डिसेंबर

नळमोरीचं काम. सगळ्या कामात मला सर्वांत जास्त काळजी याच ५४ मीटरांची आहे. मातीच्या धरणातून आरपार जाणारी कुठलीही कठीण वस्तू ही कमजोर जागा असते, कारण माती तिच्या कडेला नीट दाबली जात नाही आणि पाणी नेमकं त्या कडेने निघतं. १२ जुलै १९६१ ला पहिल्याच पावसाळ्यात फुटलेलं पानशेत मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. तिथेही मोरीचं काम अपुरं होतं आणि तिच्यावरचा भराव खचत गेला होता.

म्हणून नळ थेट मातीवर नाही, कठीण मुरमावर ओतलेल्या काँक्रीटच्या बैठकीवर ठेवला आहे. बैठकीच्या बाजू सरळ उभ्या न ठेवता वरती आत झुकवल्या आहेत, म्हणजे भराव बसेल तसा तो काँक्रीटवर घट्ट दाबला जाईल. नळाच्या खालच्या कुशीत रोलर पोचत नाही, तिथे मातीच नको, काँक्रीटच हवं.

पूर्वी अशा नळाभोवती ठरावीक अंतरावर काँक्रीटच्या कड्या घालत. पाण्याची वाट लांबवण्याचा हेतू होता. प्रत्यक्षात प्रत्येक कडीच्या दोन्ही बाजूंना माती दाबायला अडचण होई आणि ज्या वाटेला अडवायचं तीच तयार होई. आमच्या नकाशात कड्या नाहीत. त्याऐवजी बाहेरच्या बाजूच्या एक तृतीयांश भागात नळाभोवती वाळूचा जाड पडदा आहे. नळाच्या कडेने पाणी आलंच तर ते वाळूत शिरेल, मातीचे कण मागे राहतील, आणि नितळ पाणी निचऱ्याच्या चरातून बाहेर पडेल. पाणी अडवण्याचा हट्ट न धरता माती अडवायची, हा विचार मला पटतो.

२ जानेवारी

नळाचे सांधे पाणी भरून तपासले. दोन सांधे पाझरत होते, उकलून पुन्हा बसवले, पुन्हा तपासले. आता कोरडे आहेत. यानंतरच मातीने झाकायची परवानगी दिली.

९ जानेवारी

भराव सुरू. सैल थर २० सेंटिमीटर, दाबल्यावर १५. पॅडफूट रोलरच्या आठ फेऱ्या. प्रत्येक थरावर नवा थर टाकण्याआधी पृष्ठभाग खरवडून ओला करायचा, नाहीतर दोन थरांमध्ये गुळगुळीत सांधा राहतो. नळाच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटरपर्यंत रोलर नाही. तिथे हातातले रॅमर आणि १० सेंटिमीटरचे थर.

दुपारी कोअर कटरने (मातीत ठोकायचं पोकळ नळकांडं) तीन ठिकाणी नमुने घेतले. दोन ठिकाणी १.६६ मिळालं. साखळी ९५ मीटरजवळ १.६३, म्हणजे ९७ टक्के. तिथे थर मोजला तर सैल असताना ३० सेंटिमीटर टाकलेला निघाला, डंपर रिकामे करून ग्रेडर पुरेसा फिरवलाच नव्हता. जाड थरात रोलरचा जोर तळापर्यंत पोचत नाही. वरून पाय आपटला तर दगडासारखा लागतो आणि खालचे १० सेंटिमीटर सैल राहतात. तो पट्टा उकरून पसरवला, पुन्हा दाबला. संध्याकाळी १.६६. रोलरचालकाने स्वतःहून उद्यापासून थर मोजायला एक खूण केलेली सळई मागितली. ती दिली.

१७ जानेवारी

हवा कोरडी. खाणीतून निघताना १९ टक्के असलेली माती भरावावर पडेपर्यंत १६ वर येते. भरावावर टँकर फिरवून उपयोग नाही, वरचा भाग चिखल होतो आणि ढेकळाच्या पोटात कोरडेपणा तसाच राहतो. आता खाणीतच वाफे पाडून आदल्या संध्याकाळी पाणी सोडतो, रात्रभर माती पाणी पिते. सकाळी ती सारखी ओली असते.

२८ जानेवारी

आज कामावर बरीच मंडळी आली होती. वरच्या बाजूचे शेतकरी, खालच्या वस्तीतले लोक, काही तरुण. मागणी एकच : एवढं धरण होतंय तर मोरीला दार बसवा, पावसाळा संपता संपता दार लावून पाणी धरून ठेवू. विहिरींना उतार पडणार नाही, एखादं पीक निघेल.

मागणी गैर नाही. पाणी डोळ्यांसमोर वाहून जातं तेव्हा प्रत्येकाला तसंच वाटतं. मी नकाशा मांडून सगळं सांगितलं, ते इथेही लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न पुन्हा येणार.

या धरणाचा उपयोग त्याच्या रिकाम्या जागेत आहे. २ लाख ८० हजार घनमीटरपैकी दीड लाख आधीच पाण्याने भरलेलं असेल, तर पुरासाठी १ लाख ३० हजार उरतात. म्हणजे ७० ऐवजी जेमतेम ३२ मिलिमीटर अपधाव. त्यापुढचं सगळं सांडव्यावरून वस्तीकडे. आणि मोठा पाऊस दार उघडायची वाट पाहत नाही. चार चौरस किलोमीटरच्या पाणलोटात पाऊस पडल्यापासून तासाभरात पूर धरणाशी असतो. रात्री दोन वाजता कोणी पोचेल, दार गंजलेलं नसेल, गाळात रुतलेलं नसेल, आणि खाली पोचलेलं पाणी पाहून घाबरून कोणी ते चुकीच्या वेळी बंद करणार नाही, या चारही गोष्टी एकदम जमाव्या लागतील.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मार्च १९१३ च्या महापुरात डेटन शहर बुडालं. त्यानंतर आर्थर मॉर्गन या अभियंत्याच्या देखरेखीखाली मियामी नदीच्या खोऱ्यात मातीची पाच धरणं बांधली गेली, ती १९२२ पर्यंत पूर्ण झाली. ती सगळी कोरडी धरणं आहेत. तळाशी काँक्रीटच्या मोऱ्या, दार एकालाही नाही. मोऱ्यांचं माप आधीच असं ठरवलेलं की खालची नदी जेवढं पेलेल तेवढंच पाणी सुटावं. शंभर वर्षं झाली, ती आजही काम करत आहेत, आणि पूर आला म्हणून धरणावर धावत जाऊन दार उघडण्याची वेळ तिथे कोणावर येत नाही, कारण उघडायला दारच नाही. एरवी धरणांमागच्या जमिनीवर शेती चालते.

उलट उदाहरणही सांगितलं. पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण. तळाचे पाणी सोडण्याचे नळ काढून टाकले होते आणि पुन्हा बसवलेच नाहीत. तळं मौजेसाठी भरलेलं ठेवायचं होतं. सांडव्यावर मासे निसटू नयेत म्हणून जाळ्या लावल्या, माथाही खाली आणला. ३१ मे १८८९ रोजी पाऊस झाला तेव्हा पाणी खाली उतरवायचा कोणताही मार्ग उरला नव्हता. जाळ्या कचऱ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं. खालच्या जॉन्सटाउनमध्ये २,२०९ माणसं मेली.

एक वयस्कर शेतकरी शेवटी म्हणाले, "म्हणजे पाणी धरायचं असेल तर त्याला दुसरी जागा बघायची." बरोबर तेच. वरच्या ओहोळांवर छोटे बंधारे, शेततळी, समतल चर हे सगळं करता येईल आणि करावंही. त्याने पुराचाही थोडा भार हलका होईल. पण या धरणाची पोकळी पुरासाठी राखून ठेवायची.

वरच्या शेतकऱ्यांचा एक रास्त मुद्दा राहिला : त्यांची काही जमीन एखादा दिवस पाण्याखाली जाणार. पाणी किती पातळीपर्यंत, किती तास राहील याचा तक्ता गटवार करून द्यायचं मी कबूल केलं आहे. सर्वांत खालच्या पट्ट्यात पाण्यात उभं राहू शकणारं गवत किंवा चारापीक घ्यावं, कडधान्य नको.

१२ फेब्रुवारी

फिल्टरची वाळू आली. गाभ्याच्या बाहेरच्या अंगाला उभा वाळूचा पडदा, त्याखालून आडवा थर, आणि तो पायथ्याच्या दगडी निचऱ्यात उघडणारा. कोरड्या धरणाला हा फिल्टर साठवणीच्या धरणापेक्षाही जास्त गरजेचा आहे असं माझं ठाम मत आहे. साठवणीचं धरण हळूहळू भरतं, माती ओली राहते, पहिल्या भरण्याला आठवडे मिळतात, तेवढ्यात पाझर दिसला तर पाणी थांबवता येतं. आमचं धरण वर्षातले बहुतेक दिवस उन्हात तापेल, आकसेल, भेगाळेल आणि मग एका रात्रीत भरेल. त्या रात्री त्याच्या पोटातली भेग बुजवायला कोणी जाऊ शकणार नाही, जे काही थांबवायचं ते वाळूने थांबवायचं. अमेरिकेच्या कोरड्या नैऋत्य भागात अशा पूरनियंत्रणाच्या बांधांना आरपार भेगा पडल्या होत्या आणि मागाहून मध्यातून चर खणून वाळूचा पडदा बसवावा लागला. आत्ता घालणं फार स्वस्त.

वाळू कशीही चालत नाही. मातीच्या यांत्रिकीचे अभ्यासक टेर्झागी यांचा जुना नियम असा : वाळूतल्या ज्या आकारापेक्षा १५ टक्के कण बारीक असतात तो आकार, मातीतल्या ज्या आकारापेक्षा ८५ टक्के कण बारीक असतात त्याच्या चार-पाच पटींच्या आत हवा. बारीक चिकणमातीसाठी शेरार्ड यांच्या प्रयोगांनंतर सोपी मर्यादा रूढ झाली, वाळूचा तो आकार अर्ध्या मिलिमीटरच्या आत. आमच्या वाळूचा ०.३८ आला. ७५ मायक्रॉनच्या चाळणीखाली जाणारी धूळ ५ टक्क्यांच्या आत हवी, ती एका खेपेत ७ निघाली. ती खेप धुवायला परत पाठवली.

धूळ का नको, ते मजुरांना दाखवलं. ओलसर वाळू बादलीत दाबून परातीत उलटी केली आणि परातीत हळूहळू पाणी ओतलं. धुतलेल्या वाळूचा ढीग पाणी लागताच ढासळून पसरला. धुळीच्या वाळूचा ढीग पाण्यातही उभाच राहिला. भरावाला भेग पडली तर फिल्टरने ढासळून ती भरून काढायला हवी. जी वाळू स्वतःच भेग धरून उभी राहते ती कामाची नाही. हे पाहिल्यावर वाळूत मातीचं घमेलं पडू नये म्हणून मजूर स्वतःच लक्ष ठेवू लागले.

६ मार्च

दोन्ही काठांकडचा भराव १०६.०० पर्यंत आला. मध्ये नाल्याची घळ मोकळी आहे. घळीकडचे दोन्ही उतार तीनास एक ठेवले आहेत. उभी भिंत ठेवली असती तर नवा भराव बसताना जुन्यापासून सुटला असता आणि नेमकी सर्वांत खोल जागी आरपार भेग पडली असती.

२५ मार्च

घळभरणी सुरू. नाल्याची उरलीसुरली धार मोरीतून वळवली. जुन्या उतारावरची वाळलेली माती हातभर आत खणून काढली, ओलावा मिळेपर्यंत. मग पायऱ्या पाडून नवा थर जुन्यात गुंतवत वर चाललो आहोत.

४ एप्रिल

घळ भरली. इथून पुढे एकच सलग पृष्ठभाग. घळीतली सर्व घनता ९८ टक्क्यांच्या वर.

१९ एप्रिल

सांडवा. डाव्या काठावर, नैसर्गिक जमिनीत खोदलेला, २० मीटर रुंद. भरावाला तो कुठेही शिवत नाही, आणि त्यातून जाणारं पाणी धरणाच्या पायथ्यापासून ७० मीटर लांब नाल्याला मिळतं. पाणी उंबऱ्यावर १.३ मीटर चढलं तर सेकंदाला ५० घनमीटर जातील. मोरी पूर्ण तुंबली आहे असं धरूनच हे माप ठरवलं आहे. उंबऱ्याला आडवी काँक्रीटची पट्टी घातली, म्हणजे पाण्याने तळ खाल्ला तरी झीज मागे सरकणार नाही.

सांडवा वर्षानुवर्षं कोरडा राहतो म्हणून तिथे गंजी रचल्या जातात, कुंपण पडतं. तसं होऊ नये यासाठी दोन्ही कडांना खांब रोवून 'पाण्याची वाट, मोकळी ठेवा' असं रंगवलं.

९ मे

माथा पूर्ण. मध्यभागी १०८.५० च्या वर १७ सेंटिमीटर जास्त भरला आहे, भराव बसल्यावर मध्य खाली जाऊ नये म्हणून. माथ्याचा ढाळ पाण्याच्या बाजूला. मोरीच्या तोंडाशी कचरा अडवणारी तिरकी जाळी, गजांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर. जाळीचं क्षेत्रफळ नळाच्या कितीतरी पट ठेवलं, निम्मी तुंबली तरी पाणी जाईल. बाहेरच्या तोंडाशी काँक्रीटची कुंडी, तिच्यात आडवी भिंत. सेकंदाला सहा मीटर वेगाने येणारं पाणी त्या भिंतीवर आदळून शांत होतं.

उतारांवर राखून ठेवलेली माती पसरून गवताच्या मुळ्या लावल्या. झाडं नाहीत. कोणीतरी हौसेने माथ्यावर रोपं लावायला आणली होती, ती काठापलीकडे लावली. झाडाचं मूळ कुजलं की भरावात नळी उरते.

पायथ्याच्या निचऱ्यावर ९० अंशांची खाच बसवली, पाझर मोजायला. पाण्याकडच्या बाजूला पातळीपट्टी.

४ जून

पहिल्या सरी. खाच कोरडी. बाहेरच्या उतारावर एके ठिकाणी ओघळ पडला, तिथे गवत धरलं नव्हतं. लगेच माती दाबून पेंढा अंथरला.

१८ जुलै, रात्र

संध्याकाळपासून जोरदार पाऊस. रात्री नऊला नाला फुगला. वाचनं जशी घेतली तशी लिहितो.

९.३० : पातळी १०२.१०. मोरी पूर्ण भरून वाहते आहे.
१०.०० : १०३.६०.
१०.३० : १०४.३०. या अर्ध्या तासात धरणामागे सुमारे ४३ हजार घनमीटर वाढले. म्हणजे सेकंदाला २७ घनमीटरच्या आसपास येत होतं, आणि बाहेर साडेतीन घनमीटरच्या आतच जात होतं. खालच्या वस्तीवरून फोन आला, नाला काठाच्या आत आहे.
११.१५ : १०४.६०. साठा १ लाख ३५ हजारांच्या आसपास. पाऊस ओसरला.
१२.०० : १०४.६०. स्थिर.

जाळीवर पालापाचोळा आणि एक मोठं खोड अडकलं आहे. भोवरा दिसतो, म्हणजे पाणी जातंय. त्या भोवऱ्याजवळ कोणालाही जाऊ दिलं नाही. जाळी पाणी उतरल्यावर साफ होईल, तिच्यासाठी जीव धोक्यात घालायचा नाही, हे आधीच ठरलं होतं.

खाच : १२.३० ला ४ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.४ लिटर. बाटलीत पाणी घेऊन टॉर्चसमोर धरलं. नितळ.

१९ जुलै

पहाटे ३ ला खाच ५ सेंटिमीटर, सेकंदाला पाऊण लिटरच्या थोडं वर. पातळी उतरत असताना पाझर वाढला, म्हणून तेव्हा दर अर्ध्या तासाला बाटली भरून ठेवली. पाणी मातीत शिरून फिल्टरपर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे हे थोडं अपेक्षित होतं. तरीही गढूळपणा दिसला असता तर वस्तीला लगेच हलायला सांगायचं होतं. कोणी कुठल्या वाटेने जायचं, याची यादी खिशात होती. सकाळी ७ ला सगळ्या बाटल्या ओळीने लावून पाहिल्या, तळाशी गाळ नाही. ९ ला खाच पुन्हा ४ वर.

संध्याकाळी ५ ला धरण रिकामं. वरच्या शेतात चिखलाचा पातळ थर, सर्वांत खालच्या पट्ट्यात पाणी सोळा तास होतं. तक्त्यात तिथे सतरा लिहिले होते.

पाणी झपाट्याने उतरलं की ओला उतार आधार गेल्याने घसरू शकतो, म्हणून पाण्याकडचा उतार टोकापासून टोकापर्यंत चालून पाहिला. भेग नाही, फुगवटा नाही. तीनास एक उतारासाठी लागलेली जादा माती इथे कामी आली.

२ ऑगस्ट

माथ्याच्या पातळ्या घेतल्या. मध्य ४ सेंटिमीटर बसला आहे. घळीच्या दोन्ही सांध्यांवर फरक १ सेंटिमीटरच्या आत. जाळीवरचं खोड कापून काढलं.

११ ऑक्टोबर

पावसाळा संपला. धरण एकदाच लक्षणीय भरलं, बाकी पूर लहान होते. जाळीसमोर ३५ सेंटिमीटर गाळ साचला आहे, तो काढून वरच्या शेतकऱ्यांना दिला. बाहेरच्या उतारावर साखळी १६० मीटरजवळ घुशीची दोन बिळं सापडली. ती नुसती तोंडाशी बुजवली नाहीत, पूर्ण खणून थराथराने भरली.

दाराची मागणी लेखी आली आहे. उत्तरात २८ जानेवारीची आकडेमोड आणि १८ जुलैची वाचनं जोडली, आणि वरच्या दोन ओहोळांवर बंधाऱ्यांसाठी जागा पाहिल्या त्यांचे नकाशेही सोबत दिले. दोन्ही जागी खडक उथळ आहे. सर्वेक्षण पुढच्या आठवड्यात.

उन्हाळ्यात माथ्यावरच्या भेगा मोजायच्या. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या सरीआधी, प्रत्येक भेगेची साखळी, रुंदी आणि खोली लिहायची. बोटभरापेक्षा खोल असेल तर उकरून ओल्या मातीने पुन्हा दाबायची.